आगमनकाळातील रिकामी जागा

आगमनकाळाच्या चारही रविवारी आपल्या मिस्साविधीत एक जागा रिकामी राहते. दयायाचना संपते, आणि एरवी ज्या क्षणी गायकवृंद पेटीचा स्वर धरून गौरवगीत सुरू करतो, नेमक्या त्याच क्षणी धर्मगुरू थेट प्रार्थनेकडे वळतात. मोठ्या माणसांच्या हे फारसे ध्यानात येत नाही. वेदीवर जांभळा रंग आला, थंडी पडू लागली, नाताळचा बाजार करावयाचा आहे, एवढेच त्यांना जाणवते. ज्यांना गाण्याची सवय आहे त्यांना मात्र हा खड्डा पायाखाली लागतो. उपवासकाळातही हे गीत गात नाहीत. परंतु तेव्हा सारेच वातावरण दुःखाचे असते, म्हणून त्याचे नवल वाटत नाही. आगमनकाळात आपण आनंदाची वाट पाहत असतो आणि तरीही स्तुतीचे मुख्य गीत कपाटात ठेवलेले असते. या रिकाम्या जागेविषयी मला आज चार शब्द लिहावयाचे आहेत; कारण माझ्या आयुष्यातील एका आगमनकाळात याच जागेने मला उभे राहण्यापुरती भुई दिली.

प्रथम त्या गीताविषयी. त्याचा आरंभ कोणी केला हे शुभवर्तमानच सांगते. लूकच्या दुसऱ्या अध्यायात मेंढपाळांना जन्मवार्ता कळते आणि आकाशात देवदूतांचा समुदाय देवाचा गौरव करू लागतो. देवदूतांचे गाणे दोन ओळींत संपते. पुढचा सारा विस्तार माणसांचा आहे. आरंभीच्या शतकांतील ग्रीक भाषा बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी तो केला, आणि करणाऱ्यांनी आपली नावे मागे ठेविली नाहीत. पूर्वेकडे ते सकाळच्या प्रार्थनेत गाइले जाई. रोममध्ये ते मिस्सात आले, पण मोठ्या काटकसरीने. पोप सिमाकस यांनी (इ. स. ४९८ ते ५१४) रविवारी आणि रक्तसाक्ष्यांच्या सणांना ते म्हणण्याची मुभा दिली, तीही बिशप मिस्सा अर्पीत असतील तरच! साध्या धर्मगुरूला हे गीत कित्येक शतके वर्षातून एकदाच, पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणता येत असे. अकराव्या शतकाच्या सुमारास ही अट सुटली. आज आपण ते तीन मिनिटांत उरकतो, आणि गायकवृंदाने चार मिनिटे घेतली तर मागच्या बाकावरील मंडळी घड्याळाकडे पाहू लागतात. जी वस्तू वर्षातून एकदा मिळत होती ती आठवड्यास मिळू लागली म्हणजे असे व्हावयाचेच.

माझा जन्म वसई तालुक्यातला. आमच्या लहानपणी मिस्सा लॅटिन भाषेत होत असे. माझे बाबा चर्चच्या माळ्यावरील गायकवृंदात होते. दिवसभर वाडीत पाणी शिंपणारा आणि पानवेलींची निगा राखणारा हा माणूस रविवारी सकाळी धुतलेला सदरा घालून माळा चढे आणि लॅटिन गौरवगीत आरंभापासून शेवटापर्यंत कागदाविना म्हणे. व्हायोलिन वाजविणारे दोघे होते. बाकी सारे पुरुषांचे आवाज. स्त्रियांना माळ्यावर जागा नव्हती. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली संत सिसिलियाच्या सणादिवशी पवित्र संगीताविषयी जे आज्ञापत्र काढले, त्यात गायकवृंदाचे काम हे उपासनेतील सेवाकार्य असल्याने स्त्रियांना त्यात घेऊ नये असे म्हटले होते. बाराव्या पायस यांनी १९५५ च्या नाताळात ही गाठ काहीशी सैल केली. परंतु आमच्या गावी ती सैल झाल्याची वार्ता पोहोचावयास बरीच वर्षे लागली. माझी आय खाली बाकावर बसून हलक्या आवाजात साथ करी. तिचा सूर बाबांपेक्षा चोख होता हे साऱ्या आळीला ठाऊक होते.

वसईच्या गौरवगीताला आणखी एक आठवण चिकटलेली आहे, ती घंटांची. पवित्र गुरुवारी सायंकाळच्या मिस्सात गौरवगीत चालू असता सर्व घंटा वाजवितात. नंतर त्या मुक्या होतात, आणि शनिवारी रात्री पुनरुत्थानाच्या जागरणविधीत त्याच गीताबरोबर पुन्हा वाजू लागतात. इ. स. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला तेव्हा तेथील चर्चच्या काही घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीस नाना फडणीसांच्या वाड्यालगतच्या घाटावर, भीमाशंकरास अशा त्या आजही टांगलेल्या आहेत. मेणवलीच्या घंटेवर तर बाळ येशूला घेतलेल्या पवित्र मरियेची आकृती आहे. लहानपणी ही हकीकत ऐकली म्हणजे आम्हा मुलांना चीड येई. बाबांना येत नसे. ते एकदा मेणवलीस जाऊन ती घंटा पाहून आले होते. कोणा यात्रेकरूने ती वाजविली, आणि नाद फार वेळ टिकला, एवढेच त्यांनी आम्हांला सांगितले. धातू चांगला आहे, असे ते म्हणाले.

मग परिषद झाली. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविषयक संविधान प्रसिद्ध केले आणि मातृभाषेला वेदीपर्यंत येण्याची वाट मोकळी झाली. पुढच्याच वर्षी मुंबईस युकॅरिस्टिक काँग्रेस भरली. पोप सहावे पॉल यांना पाहावयास मी बाबांच्या बोटाला धरून ओव्हल मैदानाच्या गर्दीत उभा होतो. त्यानंतर हळूहळू मिस्सा मराठीत होऊ लागला. जुन्या मंडळींपैकी काहींनी नापसंती दाखविली. लॅटिन गेल्याचे बाबांनाही वाईट वाटले असावे, पण त्यांनी जे उद्गार काढले ते वेगळेच होते. पहिल्यांदा मराठी गौरवगीत म्हणून घरी आल्यावर ते ओटीवर बसले आणि बऱ्याच वेळाने आयला म्हणाले, “अगं, यात इतकी दया मागितली आहे हे मला ठाऊकच नव्हते. मी समजत होतो, सगळी स्तुतीच आहे.”

बाबांचे म्हणणे खरे होते. कोणीही हे गीत समोर ठेवून वाचावे. आरंभी गौरव, मग धन्यवादाचे एकामागून एक शब्द, आणि ऐन मध्यावर गीत एकाएकी गुडघे टेकते. जगाचे पाप वाहून नेणाऱ्या कोकराकडे वळून ते दयेची याचना करते, एकदा नव्हे, पुनःपुन्हा. त्यानंतर ते उठते आणि पवित्र त्रैक्याच्या नामघोषात संपते. ज्या लोकांनी देवदूतांच्या दोन ओळी वाढविल्या ते छळ सोसलेले लोक होते. देवदूतांना दया मागावी लागत नाही, माणसांना लागते, हे त्यांना माहीत होते.

१९८४ साली मी नोकरीनिमित्त मलाजखंडास गेलो. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याचा हा पूर्वेकडील डोंगराळ मुलूख. गोंड आणि बैगा लोकांची वस्ती, सालाची अरण्ये, पलीकडे कान्ह्याचे जंगल. हिंदुस्तान कॉपर या सरकारी कंपनीची तांब्याची उघडी खाण तेथे १९८२ साली सुरू झाली होती. वसईहून निघावे, गोंदियास उतरावे, तेथून त्या काळच्या अरुंद रुळांच्या गाडीने बालाघाट, आणि पुढे बैहरवरून मोटारीने घाट चढावा, असा प्रवास. माझे काम खनिजाचे नमुने तपासण्याच्या प्रयोगशाळेत होते. तांबे म्हणजे काय हे मला तेथे कळले. शंभर टन दगड फोडावा तेव्हा त्यात जेमतेम टनभर तांबे असावयाचे! तो दगड दळून पिठासारखा करतात, पाण्यात घालून फेस उठवितात, आणि फेसाबरोबर वर येणारे तांब्याचे कण काढून घेतात. ही काळसर भुकटी त्या काळी राजस्थानात खेत्रीच्या भट्टीकडे जाई. चर्चची घंटा ज्या काशाची ओततात त्यात सुमारे चार भाग तांबे आणि एक भाग कथील असते. एकदा मी कागदावर हिशेब मांडला होता: पाचशे किलोची एक घंटा ओतावयाची तर मलाजखंडचा किती डोंगर फोडावा लागेल? उत्तर चाळीस टन आले. चार मोठे ट्रक भरतील इतका दगड! पत्नीला मी ते दाखविले तेव्हा ती म्हणाली, “अहो, म्हणूनच वर्षातून दोन दिवस तिला गप्प बसवितात, तिचा मान आहे तेवढा.”

खाणीच्या वसाहतीत आम्हा कॅथॉलिकांची संख्या थोडी होती, पण नकाशा मोठा होता. केरळातून आलेली कुटुंबे होती, तामिळ होती, छोटा नागपूरहून आलेली उराँव मंडळी होती, एक कुटुंब गोव्याचे, आणि मराठी बोलणारी आम्ही दोन घरे. उपासना हिंदीत होई. हिंदी भजनांची जी परंपरा मध्य भारतात रुजली तिच्यात जर्मनीहून आलेल्या फादर जॉर्ज प्रॉक्ष यांचा वाटा मोठा आहे. परदेशी धर्मगुरूने हिंदुस्तानी चालींत प्रभूची भजने बांधावी आणि ती वसईच्या माणसाने मलाजखंडात मल्याळी उच्चारांच्या साथीने गावी, यात मला कधी विसंगती वाटली नाही. पेटी माझ्याकडे होती. मांदर एक वयस्क उराँव गृहस्थ वाजवीत. खाणीत ते डंपरच्या दुरुस्तीवर होते आणि त्यांना आम्ही सारे दादा म्हणत असू. गौरवगीताचे पहिले चरण माझी पत्नी उचलीत असे. येथे माळा नव्हता आणि स्त्रियांना मनाई नव्हती. तिचा आवाज माझ्या आयसारखा होता असे मी म्हणालो तर तो पक्षपात ठरेल, तरीही म्हणतो.

१९८८ च्या एप्रिलमध्ये आम्हांला मुलगा झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस, तापाच्या चार दिवसांनंतर, तो गेला. सात महिन्यांचा होता. अधिक लिहीत नाही. दादांनी स्वतः लहानशी पेटी तयार केली, आणि ती मोटारीत न ठेवता हातांवर धरून नेली. मुंबईकडची माणसे पोहोचेपर्यंत सर्व आटोपले होते. दुपारी नेहमीप्रमाणे खाणीचा भोंगा झाला, सुरुंग उडाले, घराच्या तावदानांना हादरा बसला, आणि पाळण्याला बांधलेली लाकडी चिमणी हलली. माझ्या पत्नीने उठून ती सोडून ठेवली.

त्या रविवारी आगमनकाळ सुरू झाला.

मी पेटीवर बसलो होतो. न बसण्याची शक्ती माझ्यात नव्हती म्हणून. दयायाचना झाली आणि धर्मगुरू प्रार्थनेकडे वळले. मला एकदम जाणवले की आज माझ्याकडून स्तुती मागितली जाणार नाही. पुढचे चार आठवडे मागितली जाणार नाही. आईने आजारी मुलापुढून ताट उचलून न्यावे आणि ‘नंतर जेव’ एवढेच म्हणावे, तसे ते होते. ही तरतूद माझ्यासाठी केलेली नाही, ती शतकानुशतके चालत आली आहे, हे मी जाणतो; पण पाणी ज्याला तहान आहे त्याच्यासाठीच असते. सांत्वनासाठी आलेल्या माणसांपैकी काहींनी देवाची इच्छा, देवाची योजना, देवाने फूल खुडून नेले, असे पुष्कळ सांगितले. त्यांचा हेतू चांगला होता. तथापि मला असे वाटते की शोक झालेल्या घरी पहिल्या आठवड्यात देवाची बाजू मांडावयास जाऊ नये. उपासनेला हे कळते, ती थांबते.

परंतु नाताळ येणार होता. तिसऱ्या आठवड्यात सरावाची वेळ आली तेव्हा गायकवृंदात कुजबूज सुरू झाली. गौरवगीत यंदा कोणी उचलावे? केरळच्या एका मुलीचे नाव पुढे आले. तिची तयारीही होती. मी काही बोललो नाही. दादा म्हणाले, “ताईंना विचारल्याशिवाय आपण कसे ठरवायचे? काढून घेणे आणि लादणे, दोन्ही वाईटच.” मग ते स्वतः आमच्या घरी आले, दारात वहाणा काढून ओट्यावर बसले आणि त्यांनी सरळ विचारले. माझी पत्नी भात निवडीत होती. तिने हात थांबविला नाही.

“दादा, गाणे माझे नाही, सर्वांचे आहे,” ती म्हणाली. “तुम्ही सुरू करा. मी तेथे उभी राहीन. मला जेथून येता येईल तेथून मी येईन. आले नाही तर आले नाही.”

नाताळच्या रात्री कडाक्याची थंडी होती; आवारात शेकोटी पेटविली होती. गौरवगीताची वेळ आली, त्या मुलीने पहिला चरण उचलला, मांदराने ठेका धरला, कोणी छोटी घंटा हलविली. माझी बोटे चालत होती, कारण त्यांना वाट पाठ होती. माझे लक्ष सारे डावीकडे. ती शाल घट्ट धरून उभी होती, ओठ मिटलेले. गौरव गेला. धन्यवाद गेला. मग गीत मध्यावर आले, ज्या जागेचे बाबांना वीस वर्षांपूर्वी नवल वाटले होते त्या जागेवर, आणि कोकराला घातलेल्या हाकेवर तिचा आवाज इतर आवाजांत शिरला. मोठा नव्हता; थोडा खाली लागला होता. दुसऱ्या याचनेला तो सुरात आला. तेथून ती अखेरपर्यंत गायली. मुलीने तिच्याकडे पाहून आपला आवाज कमी केला नाही, याबद्दल मी त्या मुलीचा आजही ऋणी आहे.

त्या रात्रीने आमचे दुःख संपले असे कोणी समजू नये. पुढचे वर्ष त्याहून कठीण गेले. मला एवढेच सांगावयाचे आहे की स्तुतीच्या गीताला एक मागचे दार आहे, आणि ते दार दयेच्या याचनेत उघडते. पुढच्या दाराने ज्याला येववत नाही त्याने तेथून यावे.

पुढे कित्येक वर्षांनी माझ्या पुतण्याने मुंबईहून एक ध्वनिफीत पाठविली: अंतोनियो विवाल्दी यांचे ‘ग्लोरिया’. आपल्याच गौरवगीताचा लॅटिन पाठ, गायकवृंद आणि वाद्यमेळ यांसाठी बारा भागांत विस्तारलेला. विवाल्दी (१६७८ ते १७४१) व्हेनिसचे. १७०३ साली त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. छातीच्या विकारामुळे मिस्सा अर्पिणे त्यांनी लवकरच सोडले. आणि त्याच वर्षापासून ते पिएता नावाच्या अनाथालयात व्हायोलिन शिकवू लागले. त्या संस्थेच्या भिंतीत एक कोनाडा होता. ज्यांना मूल सांभाळणे शक्य नसे त्यांनी ते तेथे ठेवावे. काही माता बाळाबरोबर अर्धे तोडलेले पदक ठेवीत आणि उरलेले अर्धे आपल्यापाशी जपीत, पुढेमागे ओळख पटावी म्हणून. अशी अर्धी पदके व्हेनिसमध्ये अजून जपलेली आहेत. त्या कोनाड्यातून आत आलेल्या मुलींतून गायिका आणि वादिका तयार होत, आणि जाळीच्या आड उभ्या राहून चर्चमध्ये गात. हे गौरवगीत सुमारे १७१५ मध्ये त्यांच्यासाठी रचले गेले असे मानतात. पुरुषांचे खर्जातील स्वरसुद्धा मुलींनीच सांभाळले असावेत. व्हेनिसचेच धर्मपीठ सोडून पोप झालेल्या दहाव्या पायस यांनी स्त्रियांना गायकवृंदाबाहेर ठेवले होते हे आठवून मला हसू आले.

पहिला भाग ऐकताच अंगावर रोमांच उभे राहतात. तंतुवाद्ये एकाच स्वराच्या खालच्या आणि वरच्या सप्तकात उड्या घेतात, कर्णा निनादतो, आणि देवदूतांची घोषणा सुरू होते. पण मी वारंवार ऐकतो तो दुसरा भाग. शब्द पृथ्वीवरील शांतीचे आहेत. कोणीही संगीतकार येथे प्रसन्न चाल योजील. विवाल्दींनी मात्र लय मंद केली आणि स्वर कोमल, करुण लावले. आवाज एकामागून एक येतात आणि एकमेकांवर असे टेकतात की शांती ही अद्याप न मिळालेली, मागण्याचीच वस्तू वाटते. अनाथ मुलींच्या तोंडी शांतीचे गीत घालताना त्याहून आनंदी चाल त्यांना प्रामाणिक वाटली नसावी, असा माझा तर्क आहे. शेवटचा भाग त्यांनी रुज्येरी नावाच्या दुसऱ्या संगीतकाराच्या रचनेवरून बेतला. तेव्हा त्यात कोणाला गैर वाटत नसे.

विवाल्दी व्हिएन्नात दारिद्र्यात वारले आणि त्यांची हस्तलिखिते या संग्रहातून त्या संग्रहात फिरत दृष्टिआड झाली. जवळजवळ दोन शतके हे गौरवगीत कोणी गाइले नाही. १९२६ साली उत्तर इटलीतील एका सालेशियन विद्यालयाने इमारतीच्या दुरुस्तीसाठी पैसा उभा करावा म्हणून आपल्याकडील जुने संगीतग्रंथ विकावयास काढले. ते तुरीनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे परीक्षणास आले, आणि आल्बेर्तो जेन्तीली या संगीतज्ञाने विवाल्दींचे हस्ताक्षर ओळखले. ग्रंथालयापाशी पैसा नव्हता. रोबेर्तो फोआ नावाच्या एका ज्यू गृहस्थाने तो संग्रह विकत घेऊन ग्रंथालयास अर्पण केला. संग्रहाचा दुसरा अर्धा भाग जिनोआच्या एका घराण्यात निघाला. तो १९३० मध्ये फिलिप्पो जोर्दानो या कापड उत्पादकाने घेऊन दिला. या दोघांनी आपली नावे दिली नाहीत. फोआंचा मुलगा मावरो आणि जोर्दानोंचा मुलगा रेन्झो, दोघेही बालवयातच निवर्तले होते. त्या दोन मुलांच्या नावांनी तो संग्रह आजही ओळखला जातो. सप्टेंबर १९३९ मध्ये सिएना येथे आल्फ्रेदो कासेल्ला यांनी ‘ग्लोरिया’चे पुनरुज्जीवन केले. महायुद्ध सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. जेन्तीली स्वतः ज्यू असल्याने १९३८ च्या वांशिक कायद्यांनी त्यांना या कार्यापासून दूर केले होते. पृथ्वीवरील शांतीचा तो मंद भाग त्या महिन्यात श्रोत्यांना कसा वाटला असेल!

ही सर्व हकीकत मी पत्नीला वाचून दाखविली तेव्हा तिने विवाल्दींविषयी काही विचारले नाही. “मुलांची नावे पुन्हा सांगा,” एवढेच ती म्हणाली.

निवृत्तीनंतर आम्ही वसईस परत आलो. मलाजखंडच्या खाणीत आता उघड्या खड्ड्याच्या तळाखालून भुयारी काम सुरू झाले आहे. दादा आपल्या गावी परतले आणि तेथेच वारले. पत्नी गावच्या गायकवृंदात आहे. वयाप्रमाणे तिने वरचा स्वर सोडून दुसरा घेतला आहे, आणि नव्या मुलींना ती गौरवगीत शिकविते तेव्हा मधला भाग आधी शिकविते. त्यांना हे उलटे वाटते.

नोव्हेंबर महिन्यात आपल्या धर्मग्रामात मृतांच्या स्मरणाच्या मिस्सासाठी नावे नोंदवितात. गेल्या वर्षी आम्ही उभयता कार्यालयात गेलो. माझे बाबा, आय, तिचे आईवडील, दादा, आमचे बाळ अशी नावे तिने सांगितली, आणि शेवटी म्हणाली, “मावरो आणि रेन्झो.” यांतील एक मूल ज्यू कुटुंबातले, हे मी वाटेतच तिला आठवण करून दिले होते. “प्रभू कोणत्या कुटुंबातला होता?” असे तिने उलट विचारले होते.

नोंद घेणारा मुलगा नवा होता. त्याने लेखणी थांबविली.

“आंटी, हे दोघे कोणत्या आळीचे?”

“लांबच्या,” ती म्हणाली. “लिही तू.”

त्याने आळीचा रकाना मोकळा ठेवून दोन्ही नावे लिहून घेतली.